ड्रमंड की मॅकग्रेगर? कायद्याने पुसलेल्या एका आडनावाचा शोध

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा सापडेल. तुमच्या यजमानांचं आडनाव मॅकग्रेगर. सासरी एक जुनं बायबल आहे आणि त्याच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानावर घरातल्या जन्मांच्या नोंदी आहेत. त्यात १७६८ साली जन्मलेल्या थोरल्या मुलाचं आडनाव ‘ड्रमंड’ लिहिलंय आणि १७७६ साली जन्मलेल्या धाकट्याचं ‘मॅकग्रेगर’. आईबाप तेच. सासरे म्हणतात आपलं घराणं राजवंशी. नणंदेला वाटतं की थोरला दत्तक असणार किंवा मध्ये काहीतरी लपवलेलं असणार. तुम्हाला मुलासाठी सासरचा कुलवृत्तांत मराठीत लिहून ठेवायचाय आणि पहिल्याच पानावर अडखळायला झालंय.

मी एडिनबरोत बावीस वर्षं लोकांच्या वंशावळी शोधून देण्याचं काम करतोय. तुमच्यासारखं पान माझ्यासमोर याआधीही आलंय, म्हणून आधी उत्तर सांगतो आणि मग कारण. दोन्ही भाऊ बहुधा सख्खे आहेत आणि लपवण्यासारखं त्यात काही नाही. १७६८ साली स्कॉटलंडमध्ये मॅकग्रेगर हे आडनाव लावायला कायद्याने बंदी होती. ती १७७४ साली उठली. तुमच्या बायबलातल्या दोन नोंदींच्या मधोमध ते साल पडतं.

आडनावाला बंदी ही गोष्ट आपल्याला चमत्कारिक वाटते, म्हणून ती मुळापासून सांगायला हवी.

आधी शब्द. मॅकग्रेगर म्हणजे गेलिक भाषेत (डोंगराळ स्कॉटलंडची जुनी भाषा) ‘मॅक ग्रिगर’, ग्रिगरचा मुलगा. ग्रिगर हे ग्रेगरी या नावाचं गेलिक रूप. ग्रेगरी आलं ग्रीक ‘ग्रेगोरिओस’वरून, अर्थ जागा असलेला, सावध. याच नावाचे पोप होऊन गेले आणि त्यांच्यामुळे ते ख्रिस्ती युरोपभर पसरलं. यातली मला फार आवडणारी गोष्ट अशी, की ज्या ग्रीक क्रियापदावरून हे नाव निघालं ते आणि संस्कृतातला ‘जागृ’ हा धातू एकाच मुळाचे आहेत. म्हणजे आपण देवीचा जागर घालतो तो जागर आणि तुमच्या मुलाचं आडनाव, दोन्ही फार मागे जाऊन एका ठिकाणी भेटतात. कुलवृत्तांत मराठीत लिहिणार असाल तर हे वाक्य त्यात जरूर घाला. ओढूनताणून जोडलेलं नातं नाही हे, भाषाशास्त्रात पक्कं मानलेलं आहे.

‘मॅक’ म्हणजे मुलगा, तर मुलीचं काय? गेलिकमध्ये मुलीच्या नावापुढे ‘निक’ लागतं, निक ग्रिगर, म्हणजे ग्रिगरच्या मुलाची लेक. इंग्रजी कागदांत मात्र कारकुनांनी सरसकट मॅकच लिहिलं. आणि एक गैरसमज आत्ताच दूर करतो, कारण तो हमखास समोर येतो: पूर्ण ‘मॅक’ लिहिलं की स्कॉटिश आणि नुसतं ‘एम-सी’ लिहिलं की आयरिश, असं काही नसतं. दुसरं हे पहिल्याचं आखूड रूप आहे, एवढंच. एकाच माणसाच्या जन्माच्या नोंदीत एक आणि लग्नाच्या नोंदीत दुसरं, असं मी कितीदा तरी पाहिलंय.

डोंगराळ स्कॉटलंडमध्ये सतराव्या शतकापर्यंत आडनाव ही आजच्यासारखी घट्ट बसलेली गोष्टच नव्हती. माणसाची ओळख बापाच्या, आजोबाच्या नावाने व्हायची, शिवाय केसांचा रंग, एखादं व्यंग, शेताचं नाव. मॅकग्रेगर हे आडनाव कुळाचं, म्हणजे क्लॅनचं होतं. बाहेरच्या सरकारसमोर उभं राहताना ते कामी यायचं. घरच्या बोलण्यात ‘तांबडा रॉब’ पुरे.

आता राजवंशाचा मुद्दा. सासऱ्यांचा मान राखून बोलायचं तर दावा त्यांनी केलेला नाही, कुळाचाच तो जुना दावा आहे. कुळाचं ब्रीदवाक्य गेलिकमध्ये आहे आणि त्याचा अर्थ ‘माझं कुळ राजाचं’. नवव्या शतकातला राजा केनेथ मॅकअल्पिन, त्याचा भाऊ ग्रिगर, आणि त्याच्यापासून आम्ही, अशी परंपरा. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पर्थशायरमधल्या फोर्टिंगल गावच्या जेम्स आणि डंकन या मॅकग्रेगर बंधूंनी गेलिक कवितांचं एक मोठं बाड जमवलं, त्यातही हा अभिमान दिसतो. पण नवव्या शतकातल्या कोणत्याही समकालीन कागदात त्या भावाचा मागमूस नाही. कागदाच्या आधाराने आपण पोचतो ते चौदाव्या शतकापर्यंत. ‘सोन्याच्या लगामांचा’ ग्रेगर असा एक पुरुष आणि त्याचा मुलगा इयन काम, म्हणजे एकाक्ष इयन. हा इयन १३९० साली वारला, त्याची नोंद आहे. त्याच्या मागे दंतकथा, पुढे इतिहास. मी कुलवृत्तांत लिहितो तेव्हा रेघ इथे मारतो, आणि रेघेच्या वरचं ‘परंपरा अशी सांगते’ असं म्हणून लिहितो. खोडून टाकत नाही, कारण लोक पाचशे वर्षं काय मानत आले हाही इतिहासच आहे.

या कुळाचं मूळ ठाणं पश्चिमेला, ग्लेन ऑर्की, ग्लेन स्ट्रे, ग्लेन लॉकी या खोऱ्यांत. ‘ग्लेन’ म्हणजे खोरं. आजच्या डॅलमॅली गावाच्या आसपासचा हा मुलूख. सुरुवातीच्या प्रमुखांच्या कबरी डॅलमॅलीच्या चर्चमध्येच होत्या. आणि कुळाच्या दुर्दैवाची सुरुवातही इथलीच. जमीन ते पिढ्यान् पिढ्या तलवारीच्या जोरावर आणि वहिवाटीने कसत होते, पण राजाच्या मोहोरेचा कागद त्यांच्याकडे नव्हता. कागद होता शेजारच्या कॅम्पबेलांकडे. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्या बाजूने लढल्यामुळे चौदाव्या शतकात कॅम्पबेल वर आले. १४३२ मध्ये त्यांच्यातल्या कॉलिन कॅम्पबेलला ग्लेन ऑर्की मिळालं आणि त्याने ऑ सरोवराच्या टोकाला किलचर्नचा किल्ला बांधला. तो अजून उभा आहे, पडका पण देखणा. वहिवाट एकाची आणि सनद दुसऱ्याची, म्हणजे काय होतं हे आपल्याकडे वतनाचे तंटे वाचलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही. मॅकग्रेगर आपल्याच खोऱ्यात कुळं म्हणून राहू लागले. ‘कुळ’ शब्दाचे दोन्ही अर्थ इथे एकाच वेळी लागू पडतात.

शंभरएक वर्षं हे कसंबसं निभावलं. मॅकग्रेगर कॅम्पबेलांच्या बाजूने लढत, सोयरिकी होत. मग मोडलं. ७ एप्रिल १५७० रोजी ग्लेन स्ट्रेचा प्रमुख ग्रेगर रॉय याचं मुंडकं कॅम्पबेलांनी टे सरोवराकाठी उडवलं. त्याची बायको मॅरियन, तीही कॅम्पबेलच, ग्लेन लायनच्या कॅम्पबेलांची लेक. मारणारे तिचे माहेरचे. तिने मांडीवरच्या बाळाला जोजवत नवऱ्यासाठी केलेला विलाप म्हणून एक गेलिक अंगाई आजही गायली जाते. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा अर्थ कळत नव्हता, तरी गळा दाटून आला होता. पुढे गेलिक शिकायला घेतलं त्याचं एक कारण ते.

जमीन गेलेला माणूस काय करणार? गुरं पळवायची, लुटालूट करायची, डोंगरात पसार व्हायचं. ‘धुक्याची लेकरं’ हे नाव त्यांना त्यातूनच पडलं. ऐकायला काव्यमय आहे, प्रत्यक्षात डोक्यावर छप्पर नाही असा त्याचा अर्थ. मी मॅकग्रेगरांना निर्दोष ठरवत नाही. १५८९ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी ग्लेन आर्टनीच्या राजवनाचा रखवालदार जॉन ड्रमंड याला मारलं. राजाच्या लग्नाच्या मेजवानीसाठी तो हरणं मारायला गेला होता. त्याचं मुंडकं बाल्क्विडरच्या चर्चमध्ये नेऊन त्यावर हात ठेवून कुळाने ‘हा खून आम्हा सगळ्यांचा’ अशी शपथ घेतली. आडनाव नीट वाचा: ड्रमंड. याच ड्रमंडांचं नाव पुढे मॅकग्रेगरांनी पांघरलं. त्याकडे परत येतो.

शेवटचा घाव १६०३ साली. लोमंड सरोवराच्या पश्चिमेला ग्लेन फ्रुइन आहे. तिथे ७ फेब्रुवारीला मॅकग्रेगर आणि लस नावाच्या गावचं कहून हे कुळ एकमेकांना भिडले. (हे आडनाव इंग्रजीत भलंमोठं लिहितात, त्यातली निम्मी अक्षरं मुकी. उच्चार कहून.) मॅकग्रेगर संख्येने कमी होते, पण प्रमुख ॲलिस्टरने त्यांना खोऱ्याच्या दोन्ही तोंडांना उभं केलं आणि कहून मध्ये सापडले. त्यांची सुमारे १४० माणसं पडली असं सांगतात. त्याआधीच्या एका धाडीनंतर कहूनांच्या बायका रक्ताने माखलेले सदरे भाल्यांवर टांगून स्टर्लिंगला राजासमोर गेल्या अशी कथा आहे. राजा सहावा जेम्स आधीच चिडलेला होता. आता त्याला निमित्त मिळालं.

इथे तारखा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. २४ मार्च १६०३ ला इंग्लंडची राणी एलिझाबेथ वारली आणि जेम्स इंग्लंडचाही राजा झाला. ५ एप्रिलला तो एडिनबरो सोडून लंडनकडे निघाला. आणि ३ एप्रिलला, सामान बांधता बांधता म्हणा ना, त्याच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने, ठराव केला की मॅकग्रेगर हे नाव कायमचं नष्ट करण्यात येत आहे. ज्याचं ते नाव आहे त्याने ते टाकून दुसरं घ्यावं आणि पुन्हा कधी लावू नये. लावलं तर देहदंड.

प्रमुख ॲलिस्टरचं काय झालं तेही सांगतो, कारण तुमच्या सासऱ्यांना ते नक्की ठाऊक असेल. कॅम्पबेलांचा प्रमुख, अर्गाइलचा अर्ल, याने त्याला इंग्लंडला सुखरूप पोचवण्याचा शब्द दिला. त्याने शब्द अक्षरशः पाळला: सरहद्द ओलांडून त्याला इंग्लंडच्या मातीवर नेलं आणि तिथूनच परत फिरवून एडिनबरोला आणलं. २० जानेवारी १६०४ रोजी त्याला साथीदारांसह फाशी दिलं. दर्जा दाखवायला त्याचा दोर इतरांपेक्षा पुरुषभर उंच बांधला होता.

त्यानंतर कायदे वाढतच गेले. पूर्वाश्रमीच्या मॅकग्रेगरांनी चारपेक्षा जास्त संख्येने एकत्र जमायचं नाही. शस्त्र म्हणून फक्त टोक नसलेली सुरी बाळगायची, तीही ताटातलं मांस कापायला. १६१७ मध्ये संसदेने बंदी पक्की केली आणि लहान मुलं मोठी होत आहेत याचीही त्यात दखल घेतली. १६३३ च्या कायद्याने पाद्र्यांना या नावाने बाप्तिस्मा द्यायला मनाई केली. या नावाने केलेला दस्तऐवज कोर्टात शून्य किमतीचा. म्हणजे जन्म, करार, कर्ज, वारसा यांपैकी कशालाच ते नाव चालणार नाही. आपल्याकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जातीजमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. त्याचे चटके ज्यांच्या घरात बसले त्यांना या गोष्टीचं वजन माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

मग लोकांनी कोणती नावं घेतली? तुमच्या पानाची किल्ली इथे आहे. कौन्सिलपुढे जाऊन जुनं नाव टाकल्याची शपथ घ्यायची तर जामीन लागायचा. जामीन बहुधा जमीनदार. साहजिकच माणूस ज्याच्या जमिनीवर राहतो, ज्याच्या आधाराने जगतो, त्याचं आडनाव घ्यायचा. म्हणून मॅकग्रेगरांची मरे, स्ट्यूअर्ट, ग्रँट, ग्रॅहम, बुकॅनन, ड्रमंड अशी वेगवेगळी रूपं झाली. आणि हो, कॅम्पबेलही. ज्यांनी जमीन घेतली त्यांचंच नाव. पोट आणि जीव यांच्यापुढे वैर टिकत नाही, यात लाज वाटण्यासारखं मला काही दिसत नाही. १५८९ मध्ये ज्या ड्रमंडांचा माणूस मारला त्यांचंच नाव पुढे घेतलं, तेही तसंच. पर्थचे ड्रमंड हे त्या भागातले बडे जमीनदार होते.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण रॉब रॉयच्या घरचं आहे. तोच कथा-कादंबऱ्यांतून प्रसिद्ध झालेला बंडखोर ‘तांबडा रॉब’. दुसऱ्या चार्ल्सने १६६१ मध्ये बंदी उठवली होती, कारण यादवी युद्धात मॅकग्रेगर त्याच्या बापाच्या बाजूने लढले होते. त्यामुळे मार्च १६७१ मध्ये रॉबचा बाप्तिस्मा झाला तो उघडपणे डोनाल्ड मॅकग्रेगरचा मुलगा म्हणून. १६९३ मध्ये राजा विल्यमने बंदी पुन्हा लादली. बावीस वर्षांच्या रॉबने आईचं नाव घेतलं. आई मार्गारेट, कॅम्पबेलांची. पुढे त्याच्या मुलांनी ड्रमंड हे नाव वापरलं. थोरला जेम्स मोर ड्रमंड म्हणून वावरला. धाकट्या रॉबिन ओगला १७५४ मध्ये एडिनबरोत फाशी झाली, त्याच्या खटल्याच्या कागदांत मॅकग्रेगर, कॅम्पबेल, ड्रमंड अशी तिन्ही नावं ‘उर्फ’ लावून येतात. रॉबचा पुतण्या, ग्लेन गाइलचा ‘काळ्या गुडघ्याचा’ ग्रेगर, कागदोपत्री जेम्स ग्रॅहम. एक घर, दोन पिढ्या, तीन उसनी आडनावं, आणि रक्त एकच. नणंदेला हे एवढं वाचून दाखवा. रॉब रॉय १७३४ च्या डिसेंबरात गेला आणि बाल्क्विडरच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. आज तिथल्या दगडावर जे कोरलंय त्याचा आशय असा: ‘त्यांच्या नाकावर टिच्चून मॅकग्रेगर’.

हिशेब मांडायचा तर १६०३ ते १७७४ ही १७१ वर्षं. मधली १६६१ ते १६९३ ही ३२ वर्षं मोकळीक. म्हणजे १३९ वर्षं हे नाव बेकायदा होतं. गंमत नव्हे, पण एक विचित्र गोष्ट नोंदवतो: पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने झालेल्या १७१५ च्या उठावानंतर सरकारने १७१७ मध्ये बंडखोरांना सरसकट माफी दिली, तिच्यातून ‘मॅकग्रेगर नावाच्या कुळातली माणसं’ वगळली. नाव अस्तित्वातच नाही असं म्हणणाऱ्या कायद्याला शिक्षा द्यायच्या वेळी तेच नाव घ्यावं लागलं.

१७७४ नंतर सगळे लगेच परतले असं नाही. काहींनी दुसऱ्या दिवशी नाव बदललं असेल, काहींना दोन पिढ्या लागल्या, पुष्कळ परतलेच नाहीत. १७८४ च्या सुमारास ८२६ मॅकग्रेगरांनी सह्या करून एकाला कुळाचा प्रमुख मानलं. तो होता लॅनरिकचा जॉन मरे. हो, मरे. प्रमुखाच्या घराण्यानेही अजून उसनं नाव टाकलं नव्हतं. हा जॉन मरे ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालच्या नोकरीत पैसा आणि हुद्दा मिळवून आलेला माणूस, १७९५ मध्ये बॅरोनेट (वंशपरंपरागत ‘सर’) झाला. त्याचा मुलगा इव्हन. त्याच्या घराण्याने राजाच्या परवान्याने मॅकग्रेगर हे आडनाव परत घेतलं ते १८२२ मध्ये, म्हणजे बंदी उठल्यावर ४८ वर्षांनी.

या इव्हनचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे आणि तुमच्या कुलवृत्तांतासाठी तो मुद्दाम सांगतो. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात, तापीकाठी थाळनेरचा किल्ला आहे. मंदसोरच्या तहात होळकरांनी खानदेश सोडला होता आणि २७ फेब्रुवारी १८१८ रोजी इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपची फौज किल्ला ताब्यात घ्यायला आली. आतल्या दरवाज्यापाशी बोलणी चालू असताना, एकमेकांची भाषा न समजल्याने की काय, चकमक उडाली. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर हे अधिकारी जागीच ठार झाले, आणि लेफ्टनंट कर्नल मॅकग्रेगर मरे, म्हणजे हा इव्हन, खंजिरांच्या वारांनी गंभीर जखमी झाला. त्यानंतर फौजेने किल्ल्यातल्या सुमारे तीनशे जणांच्या शिबंदीची कत्तल केली आणि किल्लेदार तुळशीरामला बुरुजावर फाशी दिलं. या फाशीवरून खुद्द ब्रिटिश संसदेत हिस्लॉपवर टीका झाली. इव्हन जगला. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला तेव्हा तो आपली माणसं घेऊन मिरवणुकीत होता. पुढे वेस्ट इंडीजमध्ये गव्हर्नर झाला आणि १८४१ मध्ये बार्बाडोसला वारला. मी थाळनेरला गेलो आहे. तापीच्या बाजूने बुरुजांचे अवशेष दिसतात. ज्यांच्या पूर्वजांना नावापायी डोंगरात हाकललं होतं त्यांच्यातलाच एक, दोनशे वर्षांनी राजाच्या फौजेचा अधिकारी होऊन दुसऱ्या कोणाच्या किल्ल्याच्या दरवाज्यात उभा होता. कुळाचा इतिहास लिहायचा तर हाही भाग गाळून चालणार नाही.

जे परतले नाहीत त्यांच्यात काही नावं ओळखीची निघतील. ग्रेगरी, ग्रिग, ग्रियर, ग्रियर्सन ही आडनावं ग्रिगर याच नावावरून आलेली. अबर्डीनच्या ग्रेगरी घराण्यात आपण मूळचे मॅकग्रेगर अशी परंपरा होती. त्यातला जेम्स ग्रेगरी (१६३८–१६७५) म्हणजे गणिती ग्रेगरी, ज्याच्या श्रेणीचं नाव आता केरळच्या माधवाबरोबर जोडून घेतात. अठराव्या शतकात अबर्डीनशायरहून नॉर्वेतल्या बर्गेनला गेलेल्या एका ग्रिगचा पणतू म्हणजे संगीतकार एडवर्ड ग्रीग. आणि ज्यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीला वाहिलेला आहे ते ग्रियर्सन डब्लिनचे, पण आडनावाचं मूळ हेच. मात्र इथे सावध राहायला हवं. नावाचं मूळ एक म्हणजे रक्त एक, असं नसतं. ग्रिगर नावाचे बाप अनेक होते. तसाच प्रत्येक ड्रमंड हा लपलेला मॅकग्रेगर नव्हे. ड्रमंड हे स्वतंत्र, जुनं, मोठं घराणं आहे.

म्हणूनच मी सुरुवातीला ‘बहुधा’ म्हटलं. ते काढून टाकायचं तर पुढचं काम असं करा.

सर्वांत आधी बायबलाचं पान उजेडात धरून पाहा. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताने, एका बैठकीत लिहिलेल्या दिसतात का? तसं असेल तर नंतर कोणीतरी आठवणीने किंवा दुसऱ्या कागदावरून उतरवलंय आणि त्या नोंदींची किंमत थोडी कमी होते. शाई आणि हात बदलत गेले असतील तर नोंदी त्या त्या वेळच्या, आणि मग १७६८ चा ‘ड्रमंड’ सोन्यासारखा. बायबल कोणत्या साली छापलं तेही पाहा. पुस्तक १७९० चं आणि नोंद १७६८ ची, असं असेल तर नोंद मागाहून केली हे उघड आहे.

मग चर्चची जुनी रजिस्टरं. स्कॉटलंडमध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली. त्याआधीचं सगळं गावोगावच्या चर्चच्या वह्यांत आहे, आणि त्या वह्यांच्या प्रतिमा सरकारी संकेतस्थळावर पैसे भरून पाहता येतात. शोधताना ड्रमंड आणि मॅकग्रेगर दोन्ही नावांनी शोधा. त्या दशकांतल्या वह्यांत ‘ड्रमंड उर्फ मॅकग्रेगर’ अशी नोंद सापडते, आणि ती सापडली की पुढे वाद उरत नाही. सूचीत एकच नाव चढवलेलं असतं, ‘उर्फ’ मूळ पानावरच दिसतं. म्हणून सूचीवर थांबू नका, पान उघडा. एकदा एका कुटुंबाचं काम मी सात महिने अडकवून ठेवलं होतं, केवळ सूचीवर विसंबल्यामुळे. उर्फ समोर होतं, मी पान उघडलं नव्हतं.

आईकडे लक्ष द्या, ही माझी सर्वांत आग्रहाची सूचना. स्कॉटलंडमध्ये बाईचं माहेरचं नाव लग्नाने पुसलं जात नसे. मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत, मृत्युपत्रात, थडग्यावर तिचं माहेरचं आडनाव येतं. बापाचं आडनाव कायद्यामुळे बदललं असेल, पण आई दोन्ही मुलांच्या वेळी त्याच माहेरच्या नावाने आणि घर त्याच शेतावरचं असेल, तर माणसं तीच. पुरुषांचं नाव हरवलेल्या कुळांत मी कित्येक पिढ्या बायकांच्या नावांवरून जुळवल्या आहेत.

नावं ठेवण्याची रीतही मदत करते. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, थोरल्या मुलीला आईच्या आईचं. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तसंच. तुमच्या १७६८ च्या ड्रमंडचं पहिलं नाव त्या घराच्या मॅकग्रेगर आजोबांशी जुळतंय का ते बघा. ग्रेगर, माल्कम, डंकन, ॲलिस्टर ही नावं बंदीच्या काळातही चालू होती. आडनाव काढून घेता आलं, पाळण्यातलं नाव नाही.

शेवटी डीएनए. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र आडनावासारखंच वाहतं, त्यामुळे यजमानांची किंवा सासऱ्यांची वाय चाचणी करून ती मॅकग्रेगरांच्या जमवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहता येते. इयन कामच्या प्रमुख-घराण्याची खूण त्यात ओळखता येते. जुळली तर आनंदच. जुळली नाही तरी सासऱ्यांना वाईट वाटू देऊ नका. प्रमुखाच्या आश्रयाला आलेली, त्याच्या जमिनीवर राहणारी माणसंही कुळाचं नाव लावत आणि बंदी आली तेव्हा त्याच नावासाठी तीही भोगत. ती कमी मॅकग्रेगर होती असं मी मानत नाही. चाचणीआधी घरात एकदा बोलून घ्या मात्र. अनपेक्षित निकाल येतात आणि ते परत घेता येत नाहीत.

एक खर्च वाचवतो. ‘तुमच्या घराण्याचं मानचिन्ह’ म्हणून दुकानांत चौकटी, कप, फलक विकतात. स्कॉटिश कायद्याप्रमाणे मानचिन्ह घराण्याचं नसतं, एका व्यक्तीचं असतं, आणि त्याची नोंद लॉर्ड लायन या मानचिन्हांच्या अधिकाऱ्याकडे १६७२ पासूनच्या रजिस्टरात होते. कुळातला कोणीही प्रमुखाच्या मानचिन्हाचा शिरोभाग, म्हणजे ढालीच्या वरचं चिन्ह, पट्ट्याच्या वर्तुळात घालून बिल्ला म्हणून लावू शकतो, पण ढाल स्वतःची म्हणून भिंतीवर टांगू शकत नाही. त्या पैशात रजिस्टरची बरीच पानं उघडता येतील.

मुलासाठी पान लिहाल तेव्हा थोरल्याच्या नोंदीत ड्रमंड खोडून मॅकग्रेगर करू नका. ‘ड्रमंड (मॅकग्रेगर)’ असं दोन्ही लिहा आणि समासात १६०३ आणि १७७४ ही दोन सालं. तुम्ही लिहिलंय की १७७६ च्या नोंदीपुढे बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं नाव आहे. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये कोणता पाद्री कोणत्या गावी कधी होता याच्या छापील याद्या आहेत, तेव्हा त्या नावावरून गाव निघेल. ते नाव आणि आईचं माहेरचं आडनाव एवढं कळवा. कोणत्या गावची वही आधी उघडायची ते मी सांगतो.